यादीतलं पहिलं नाव

यादी उघडली आणि तिने पहिली ओळ पुन्हा एकदा वाचली. 'या प्रोग्रॅमना हात लावायचा नाही' असं जिच्या माथ्यावर लिहिलेलं होतं, त्या यादीत पहिलंच नाव पॅटर्नच्या प्रोग्रॅमचं होतं. दोन वर्षांपूर्वी तिनेच ते घातलं होतं, मास्तरांना ही सोय करून दिली त्याच दिवशी.

सोय साधीच होती. कंप्युटरवरची विंडो हलवायची तर तिची वरची बारीक पट्टी नेमकी पकडावी लागते, आणि कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं पॅटर्न काढणाऱ्या मास्तरांना ती पट्टी काही केल्या सापडत नसे. म्हणून तिने एक छोटं साधन बसवून दिलं. ऑल्टचं बटण दाबायचं, विंडो कुठेही धरायची आणि ओढायची. पण पॅटर्नच्या प्रोग्रॅममध्ये तेच बटण दाबून रेघ वाकवतात. तिथे साधनाने लुडबुड केली तर रेघ राहते बाजूला आणि विंडोच सरकते. त्यासाठी ती यादी; तिच्यात नाव असलं की साधन त्या प्रोग्रॅमपासून लांब राहतं.

"सापडलं ना?" मास्तरांनी मागून विचारलं. "तुझं ते ओढायचं साधनच मध्ये येतंय. मी कधीचा सांगतोय."

कधीचा म्हणजे सकाळपासून. सकाळी साडेतीनशे शर्टांचे गठ्ठे खालून वर परत आले होते. बाही बसेना. मुंढा, म्हणजे जिथे बाही जोडतात ती गोलाई, अर्धा सेंटिमीटर खाली उतरला होता, आणि थर लावून एकदम कापलेल्या कापडाला दुसरा जन्म नसतो. आधी एक नमुना शिवून बघायला हवा होता. पण मास्तरांचं पॅटर्न, त्यात बघायचं काय, असं म्हणून कुणी बघितलं नाही. मालकांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारण मागितलं होतं. पॅटर्नच्या खोलीतून उठवलेला माणूस या कारखान्यात खाली धागे कापायला बसतो, नाहीतर घरी.

बंद पडलेली यंत्रं तिने हात लावला की चालू होतात म्हणून सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. आज डॉक्टरीणबाईंना रोग कळला होता. मास्तरांचा उजवा हात पॅन्टच्या खिशात होता. गेले काही महिने तो बहुतेक वेळ खिशातच असायचा; चहाही ते डाव्या हाताने घेत. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं आणि मिळून डोळेझाक केली होती. तीही त्यांच्यातलीच.

मालक दारात आले तेव्हा यादी अजून उघडीच होती. तिने ती झटकन मिटली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "पॅटर्नचा प्रोग्रॅम यादीत घालायचा राहिला होता. आता घातलाय."

मालकांनी तिला चारचौघांत सुनवायचं तेवढं सुनवलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. ती तरुण होती, तिला दुसरीकडे काम मिळालं असतं. मास्तरांना कोण देणार होतं? ऐकता ऐकता तिला आतून बरंच वाटत होतं, आणि या बरं वाटण्याचीच तिला पुढे फार लाज वाटली.

मग मालक मास्तरांकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. झालं गेलं सोडून द्या म्हणाले, मी उगाच तुमच्यावर संशय घेतला. आता दोष निघालाच आहे, तर दोन हजार कोटांचं पॅटर्नही तुम्हीच काढा, पाच वाजता कापायला घेऊ. मास्तर हो म्हणाले.

मालक गेल्यावर मास्तर खुर्चीत बसले. हात खिशातून बाहेर आला. त्यांनी ऑल्ट दाबून बिंदू धरला आणि गोलाई ओढली. ओढली तेव्हा ती नेहमीसारखी देखणी होती. बोट उचलायच्या क्षणी हाताला झटका बसला आणि बिंदू खाली घसरला. त्यांनी पुसलं, परत ओढली. परत घसरला. उजवं मनगट दाबून धरायला डावा हात मोकळा नव्हता, तो ऑल्टवर होता. शेवटी तिने वाकून त्यांच्यासाठी ऑल्ट दाबून धरलं आणि मास्तरांनी एका हाताने दुसरा आवळून धरला. तरी घसरला.

यादी उघड, मास्तर म्हणाले. तिने उघडली. नावापुढे तारीख होती. ती त्यांनी सावकाश वाचली.

"पहिल्यापासून होतं तर."

तिने मान डोलावली.

"कशाला सांगितलंस मालकांना, आता घातलंय म्हणून?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "माझ्याकडे सांगायला तेवढं एकच होतं."

त्यांना वाचवायला म्हणून गेली आणि त्यांच्या हातातली एकुलती एक सबब तिने काढून घेतली होती.

"काढ ते नाव."

"मास्तर, मग विंडो खरंच सरकेल."

"काढ म्हणतो ना."

तिने नाव पुसलं. मास्तरांनी ऑल्ट दाबलं, तोच बिंदू धरला आणि ओढला. अख्खी विंडो सरकत सरकत स्क्रीनच्या कडेला गेली. आतला मुंढा होता तसाच होता, केसभरही हलला नव्हता.

"बघ," मास्तर म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"