आतला गिलावा

न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली, तेव्हापासून भरवशाचा गवंडी शोधताना माझ्या नाकी नऊ आले होते. पहिल्याने भिंतीला भोक पाडलं आणि जेवायला म्हणून गेला, तो गेलाच. दुसऱ्यानेही तेच केलं. दोघांनी पाडलेली भोकं मात्र दुसऱ्या दिवशी आपोआप बुजलेली होती.

"वहिनी, माझ्याकडे राहायला ये," नणंद म्हणाली.

"घर माझं आहे. मी कुठेही जाणार नाही."

मग तिनेच ओळखीतला एक वयस्कर गवंडी आणला. माणूस कमी बोलणारा, पण हात कसलेला. त्याने दोन विटा अलगद काढल्या, आत बॅटरी मारली आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"ताई, खोटं सांगणार नाही. भिंतीत वीतभर पोकळी आहे. त्या पोकळीच्या आतूनही गिलावा केलाय. इतका सफाईदार हात मी चाळीस वर्षांत पाहिला नाही."

"मग अडचण काय?"

"गिलावा ओला आहे."

त्याने हत्यारं गोळा करायला घेतली. नणंदेने माझा दंड धरला. मी तो सोडवला, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"माझ्या घरात मला न विचारता काम करतंय कोण?" मी ओरडले. "हिंमत असेल तर समोर ये!"

आत काहीतरी सरकलं. मग कोणीतरी माझ्या तळहातावर हळूच गिलाव्याची एक थापी ठेवली. तिची मूठ गरम होती.