किलोतली पावती

दीपाली मॅडमनी फाईल उघडली आणि सुखदेव ओव्हाळने हातातला रंधा खाली ठेवला.

"काका, तुमचं काम चालू ठेवा."

"चालू आहे की," असं म्हणून तो स्टूल ओढून तिच्या समोरच बसला.

कसलं काम चालणार? हडपसरच्या त्या सुतारकारखान्यात आज हातोडीसुद्धा दबकून पडत होती. मॅडम प्रमाणपत्राच्या तपासणीला आल्या होत्या. इथली फळी न् फळी राखून तोडलेल्या जंगलातली आहे, चोरटी नाही, असं त्यांनी लिहून दिलं की एका आयटी कंपनीच्या दोनशे बारा दारांचं काम पक्कं. कंपनीचं पत्र मोठं दयाळू होतं. आमच्या दारांपायी जगातलं एकही जंगल उणं होता कामा नये. दारं तेवढी दिवाळीच्या आत हवीत.

सुखदेवचा जीव मात्र दारांत नव्हता, त्या फाईलमध्ये होता. फाईल चेतनची, त्याच्या मुलाची. पाच वर्षांत तिच्यावर एकही शेरा नव्हता. दीड महिन्यापूर्वी सोलापूर रस्त्यावर टँकरने चेतनची मोटरसायकल उडवली, आणि तेव्हापासून फाईल सुखदेव सांभाळत होता. पोरगा गेला, त्याच्या फाईलला आपल्या हातून डाग लागू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

मॅडम बेरजा मारत होत्या. आलेलं लाकूड इतके घनफूट. त्यातून दारं इतकी, चौकटी इतक्या, शिल्लक फळ्या इतक्या. भुशाच्या पोत्यांचं वजनसुद्धा वेगळं मांडलेलं.

"भुसापण मोजता?"

"चेतन मोजायचा," सुखदेव म्हणाला.

कोपऱ्यात ज्ञानदेव पॉलिश मारत बसला होता. कारखान्यातला तीस वर्षांपासूनचा जुना माणूस. गप्प बसणं त्याच्या कामात मोडत नव्हतं. "मॅडम, आमच्या डोळ्यांत गेलेला भुसा तेवढा धरलेला नाही. तो माफ करा."

मॅडम हसल्या. "आमच्या हापिसात अजून सांगतात हो, तुम्ही सागवानाची भरलेली गाडी परत पाठवलीत म्हणे."

"मी नाही. मी तर भांडलो होतो," सुखदेव म्हणाला.

खरंच भांडला होता. गाडी दारात उभी, ड्रायव्हर शिव्या घालतोय, आणि चेतन कागद उलटसुलट करून म्हणतोय, यावर जंगलाचं नाव नाही. "लेका, साग बघ, सोन्यासारखा! कागद काय चाटायचाय?" सुखदेव भर रस्त्यात ओरडला होता. चेतन आवाज न चढवता म्हणाला होता, "आप्पा, सोनं कुणाचं, ते आधी बघायचं." दोन दिवस बापलेक बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाप मुकाट्याने जाऊन फाईलसाठी पंचिंग मशीन घेऊन आला. तेव्हापासून त्याला एकच नियम पाठ होता. लाकूड आलं, की कागद फाईलला.

मॅडमचं बोट एका पानावर थांबलं.

"काका, बाकी सगळं घनफुटात आहे. ही एकच पावती किलोत आहे. मिश्र लाकूड, तीनशे किलो. आवकेत तुमच्या अक्षरात नोंदही आहे. पण हे गेलं कुठे? दारांत नाही, चौकटींत नाही, शिल्लकही दिसत नाही."

ज्ञानदेवचा पॉलिशचा बोळा जागच्या जागी थांबला.

सुखदेवने चष्मा लावला. पावती घामाने मऊ पडलेली, एका कडेला शाई पसरलेली. त्या दिवशी घाटावरून आल्यावर अंघोळीला जाताना शर्टाच्या खिशात एक कागद लागला होता. वर 'लाकूड' असं लिहिलेलं. मग ओल्या केसांनीच तो कारखान्यात आला, मशीनखाली कागद धरला, दोन भोकं पाडली, फाईलला लावला. रजिस्टरात तारीख टाकली. घरी रडारड चालली होती. इथे निदान काय करायचं ते ठाऊक होतं.

"काका? कुठे वापरलंत हे?"

"चेतनला लागलं, मॅडम."

मॅडमनी तारीख पाहिली. मग पावतीवरचा वखारीचा पत्ता वाचला. पेनाचं टोपण त्यांनी लावलं, काढलं, परत लावलं. थोड्या वेळाने हलक्या हाताने फाईलची क्लिप उघडू लागल्या.

"ही यात नको, काका. घरी ठेवा. मी पाहिलीच नाही असं समजा."

सुखदेवने पावतीवर पंजा ठेवला.

"राहू द्या. लाकडाचीच आहे ना? मग इथेच राहणार."

"अहो, पण मला मग शेरा लिहावा लागेल."

"लिहा की." त्याने अंगठ्याने पावतीची चुरगळलेली कड सरळ केली. एकदा, दोनदा. "चूक माझीच आहे. झाड कुठलं, जंगल कुठलं, काहीच लिहिलेलं नाही बघा. त्यांनी दिलं, मी घेतलं. विचारलंसुद्धा नाही."

कड परत दुमडली. त्याने ती परत सरळ केली.

"चेतन असता तर गाडी परत पाठवली असती."