सासऱ्याचा प्रोग्राम

साहेबांनी सौदा सरळ ठेवला होता: अण्णांच्या जुन्या प्रोग्रामचा मागमूस पुसला, की विश्रामला कायमच्या नोकरीचं पत्र.

बोईसरच्या त्या कारखान्यात १९९९ साली लिनक्सचा एकच कॉम्प्युटर होता. निवृत्त झालेल्या अण्णांनी तो प्रोग्राम मूळ सोर्स कोडवरून स्वतः कंपाइल करून बसवलेला, त्यामुळे काढायची तयार सोय नव्हती. विश्रामने तोच प्रोग्राम एका रिकाम्या फोल्डरात पुन्हा बसवून पाहिला आणि फायलींची यादी मिळवली. नावं सदतीस.

"सासऱ्याचं काम जावयानंच उपटायचं?" शेजारच्या टेबलावरून जयवंती हसली. "मंदावहिनीला कळलं तर उपाशी ठेवील, विश्रामभाऊ."

"आजचा डबा तर दिलाय तिनं," म्हणत विश्राम एकेक फाइल पुसू लागला.

विसावी फाइल पुसली आणि त्याची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. अण्णांच्या निरोपसमारंभाचा फोटो. मधली, अण्णांची खुर्ची रिकामी होती. विश्राम थांबला. मग त्याला पत्र आठवलं, आणि उरलेल्या सतराही त्याने पुसल्या.

"अण्णांचं आता काही उरलं नाय," तो म्हणाला.

"कोण अण्णा?" जयवंतीने विचारलं.

त्याने टेबलाखाली डब्यासाठी हात घातला. हाताला फरशी लागली.

"काय शोधताय? तुमी तर रोज कँटीनलाच जेवता."

साहेबांनी पत्र आणून दिलं. कुटुंबातील माणसांच्या रकान्यात आकडा टाइप केलेला होता: एक.