टोपण

बारा वर्षं हर्डीकर साहेबांच्या मीटिंगमध्ये एकच नियम होता. साहेबांनी पेनाचं टोपण टक् करून लावलं, की बोलणाऱ्यानं निमूट खाली बसायचं.

साहेब रिटायर झाले. मुख्यालयातून आलेल्या नव्या डायरेक्टर मॅडम पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाल्या, "नवीन काही असेल तर आजच दाखवा. नाहीतर ही लॅब बंद करायचं वर ठरलंय."

शेवटी मी उठलो. हातात पाणी वाचवणारा माझा व्हॉल्व्ह होता, सहा वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेला.

"बोला ना," मॅडम म्हणाल्या. नीट ऐकता यावं म्हणून त्यांनी लिहिणं थांबवलं आणि पेनाचं टोपण लावलं. टक्.

"काही नाही, मॅडम," मी म्हणालो. म्हणेपर्यंत खाली बसलोही होतो.