क्लारा टीचरांचा नियम

“टीचर, गॅस पास झाला का?” डॉक्टर संकेतने आज दुसऱ्यांदा विचारलं.

क्लारा टीचरांनी नकारार्थी मान हलवली. खाटेभोवती उमेळे गावाहून आलेल्या, रोजरीची माळ जपणाऱ्या बायका होत्या, पायथ्याशी फादर उभे होते. सगळ्यांचे चेहरे उतरले.

टीचरांच्या आतड्यातली गाठ काढून टोकं जोडली, त्याला चार दिवस झाले होते. आतडं चालू झालं की वारा सरतो. त्या एवढ्याशा खुणेवर सगळं अडलं होतं. देशभरातल्या अशा ऑपरेशनांचा अहवाल मुलगी ॲंजेलाने मोबाइलवर वाचून काढला होता. कितीजणांचा आतड्याचा सांधा सुटतो, सत्तरीपुढचे किती घरी परततात. वाचला नसता तर बरं झालं असतं. आता आईकडे पाहिलं तरी तिला आकडेच दिसत.

संकेतने पोट चाचपलं. किंचित फुगलेलं होतं. तो ॲंजेलाला खिडकीशी घेऊन गेला.

“आता सीटी स्कॅन करू. शंका आली तर आजच पुन्हा पोट उघडावं लागेल.”

“परत? या वयात?”

“तुम्ही अहवाल वाचलाय. मी खोटा धीर देणार नाही.” त्याने संमतीचा कागद पुढे केला.

ॲंजेलाने कागद घेतला, पण सही केली नाही. बायकांनी पुन्हा माळ सुरू केली, या वेळी जरा घाईने. स्ट्रेचर आलं. टीचर छताकडे बघत पडल्या होत्या. त्यांचे कान मात्र लालभडक झाले होते.

ते कान बघून संकेत थबकला. पाचवीत तो याच टीचरांच्या वर्गात होता. त्यांचा नियम कडक होता: पोटातलं काही चारचौघांत बोलायचं नाही. लघवीला करंगळी, संडासला दोन बोटं, तेही मुकाट्याने. एकदा तो भर वर्गात ओरडला होता, “टीचर, जॅक्सन पादला!” जॅक्सनला काही झालं नाही. संकेत अख्खा तास व्हरांड्यात अंगठे धरून उभा होता.

“फादर, सगळ्यांना घेऊन जरा बाहेर थांबता?”

बायका नाराजीनेच उठल्या. संकेतने पडदा ओढला आणि टीचरांच्या कानाशी वाकला. आत आता ॲंजेला तेवढी उरली होती.

“टीचर, तोंडाने काही बोलू नका. कालपासून झालं असेल, तर फक्त बोटं वर करा. जितक्यांदा झालं, तितकी.”

ॲंजेला कागद घेऊन खाटेजवळ सरकली.

टीचरांनी डोळे घट्ट मिटले. चादर हलली आणि चार बोटं वर आली. क्षणभराने अंगठाही.