वास नसलेलं तेल

"हे कुठल्या बियांचं?" गोळी हातात घेत मन्मथअप्पांनी विचारलं.

"बियांचं नाही, अप्पा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेत तयार केलेला तेलकट पदार्थ आहे. कॅन्सरच्या गाठीवर चालतो का, तेच पाहायचंय. खात्री नाही."

पन्नास वर्षं तेलघाणा चालवून अप्पा नुसत्या वासावरून करडई, जवस ओळखायचे. या गोळीला वासच नव्हता. बी नाही, तर तेल आलं कुठून? आणि खात्री नसलेलं बायकोला द्यायचं कसं? औषधाच्या चाचणीसाठी बायकोने भरलेल्या संमतीपत्रावर साक्षीदाराची सही करायला त्यांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं.

"अहो," खाटेवरून बायको म्हणाली, "घाण्यावर गिऱ्हाइकाच्या तळहातावर थेंब टाकून काय म्हणायचात? आधी चाखा, मग बोला."

"तेव्हा तेल माझ्या घाण्याचं होतं गं."

"आणि आता जीव माझा आहे," म्हणत तिने गिऱ्हाइकासारखा तळहात पुढे केला.