वीसपैकी शून्य

डोळखांबजवळच्या पाड्यावरच्या शाळेत माधुरीबाईंनी दुसरीच्या पोरांना कॉम्प्युटरवर वाचनाचा खेळ लावून दिला होता. वर चित्र यायचं, खाली चार शब्द. बरोबर शब्दावर क्लिक केलं की एक चांदणी मिळायची, आणि चुकलं की झाडावर चढलेलं अस्वल घसरून धपकन चिखलात बसायचं.

महिना झाला, माउस पोरांच्या हातात झकास बसला. बाण जराही न अडखळता थेट चुकीच्या शब्दावर जायचा, अस्वल चिखलात पडायचं आणि अख्खा वर्ग पोट धरधरून हसायचा. गुण मात्र सगळ्यांना वीसपैकी शून्य. चुकूनसुद्धा एक बरोबर येईना. उद्या शहापूरहून साहेब वाचन तपासायला येणार, म्हणून बाईंच्या तोंडचं पाणी पळालेलं.

शेवटी त्या गुपचूप पोरांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर नांगराचं चित्र होतं. वीटभट्टीवरून कालच परतलेल्या जैतूचा बाण एका शब्दाकडे निघाला, तशी ठमीने त्याचा हात गच्च धरला.



"त्यावर नको रे, त्यावर नांगर लिवलाय. बरोबर आलं तर अस्वल पडत नाय."